मलंगगडाखाली ऐकलेलं अवकाशातलं भंगार

नांदेडला परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "ठाण्याला काय काय पाहिलंत?" मी सांगितलं, एक लेथ, एक गच्ची आणि वालाची शेतं. त्यांना वाटलं मी उडवून लावतेय. पण खरंच, त्या मुक्कामात मी तलाव पाहिला नाही, खाडी रिक्षातून दिसली तेवढीच, आणि तरी असा प्रवास मला यापूर्वी कधी घडला नव्हता.

आधी मी तिथे गेले कशाला ते सांगते. मी इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. गेली सहा वर्षं मी आणि माझी जुनी विद्यार्थिनी ऋजुता मिळून एक रडार आखतो आहोत. पृथ्वीभोवती जुन्या रॉकेटांचे टप्पे, बंद पडलेले उपग्रह आणि त्यांचे फुटके तुकडे फिरत असतात. बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेग. बोराएवढा तुकडा चालत्या उपग्रहाला लागला तर उपग्रह गेलाच म्हणायचा. म्हणून त्या भंगारावर नजर ठेवावी लागते, आणि ती रडारनेच ठेवता येते. एरवी त्यासाठी प्रचंड मोठी डिश उभारतात. आमचं म्हणणं असं की बऱ्याचशा लहान डिश शेताशेतांतून पसरा, आणि त्यांनी ऐकलेलं नंतर एकत्र जुळवा. एका संशोधन केंद्राच्या समितीला आमचा आराखडा पटला होता, पण अर्धाच. त्यांचा मोठा ट्रान्समीटर दूर दक्षिणेला आहे. तो आकाशात लहरी सोडेल, त्या एखाद्या तुकड्यावर आपटून खाली येतील, आणि त्यांचा प्रतिध्वनी तुमच्या लहान डिशने पकडून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. वेळा तीनच दिल्या होत्या. तिन्ही वाया गेल्या असत्या तर आराखडा फायलीत गेला असता.

ऋजुता डोंबिवलीत राहते, तीन मीटरची जाळीची डिश तिच्याकडे होती, म्हणून मीच तिकडे गेले.

सोमवार, वागळे इस्टेट

डिशच्या मध्यभागी एक भोंगा लागतो. ॲल्युमिनियमचा जाड पाइप, एक तोंड बंद, एक उघडं. डिशवर पडलेल्या लहरी त्यात गोळा होतात. तो करून देणारे कारागीर सायमनकाका. अडुसष्ट वर्षांचे, ठाण्याच्या जुन्या गावठाणातले ख्रिस्ती. त्यांच्या आजोबांची भातशेती होती, आता त्या जागेवर चौदा मजली इमारत आहे, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. वर्कशॉप एका गल्लीच्या टोकाला. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, भिंतीवर मदर मेरीची तसबीर आणि तिच्या शेजारी ड्रिलच्या मापांचा तक्ता.

मी ड्रॉइंग दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांजवळ नेलं आणि एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मॅडम, ही पितळी पिन कशाला?"

"लहरी पाइपात येतात ना, त्या ही पिन उचलते."

"म्हणजे ती नेमकी जागेवर पाहिजे."

"मिलिमीटरही चुकून चालणार नाही."

"मग तुम्ही माप उघड्या तोंडाकडून कशाला दिलंय? लहर बंद तोंडावर आपटून परत येणार ना? मोजायचं तर तिथून."

मी ड्रॉइंग हातात घेतलं. बाण चुकीच्या टोकाला होता. तीन महिने ते ड्रॉइंग माझ्या टेबलावर होतं, ऋजुताने पाहिलं होतं, एका प्राध्यापकांनी तपासून सही केली होती. माझे कान तापले. "काका, तुम्ही रेडिओचं काम केलंय का कधी?"

"नाय. पण पाण्याची लाट बांधावर आपटून परत येते ती लहानपणी रोज बघितलीय," असं म्हणून त्यांनी खडू घेतला, जमिनीवर पाइप काढला आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. नीट समजल्याशिवाय त्यांनी लेथ सुरू केला नाही. आमच्याकडे कारागीर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात आणि मग आपण म्हटलं त्याहून वेगळंच करतात. हा माणूस आधी भांडून घेत होता. मला ते फार आवडलं.

मंगळवार, ठाणे

भोंगा दुपारी तयार झाला. आतून आरशासारखा. मी व्हर्निअर लावून तीन ठिकाणी मोजलं आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला. मी नुसती हसत उभी होते. सायमनकाका हात पुसत म्हणाले, "आता घरी चल, बाय. उपाशी पोटी तयार जॉब नेऊ नये." सकाळपर्यंत मी मॅडम होते.

त्यांच्या घरी फुग्या खाल्ल्या. आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, बाहेरून तांबूस, आत पोकळ आणि नरम. सोबत बाटलीतल्या मसाल्याचा रस्सा. हा मसाला उन्हाळ्यात करून बाटल्यांत ठासून भरतात. सायमनकाकांच्या पत्नीने विचारलं, नांदेडला काय करतात? मी सांगितलं, येसर. भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ, पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. जेवताना माझ्या तोंडून दोनदा "कामून" गेलं आणि दोन्ही वेळा काका थांबले. शेवटी विचारलंच, "कामून म्हणजे?" म्हटलं, का, कशासाठी. ते म्हणाले, "शब्द चांगला आहे. कामाचा वाटतो."

बुधवार, डोंबिवली

पहिली वेळ ऋजुताच्या गच्चीवरून साधायची होती, आणि तिच्या सोसायटीत ती बातमी माझ्या आधी पोचली होती. जिन्यात भेटेल तो विचारी, "आज रात्री ना?" मी सांगे, नाही, दुपारी तीन चाळीसला. लोकांचा चेहराच पडायचा. रडारला अंधार लागत नाही, उजेड लागत नाही, ढगांचंही फारसं काही नसतं, हे मी त्या दिवशी वीसएक वेळा समजावलं असेल. इथे ओळख करून घेताना पहिला प्रश्न "कितव्या मजल्यावर?" असा असतो. आमच्याकडे तो "कुण्या गावचे?" असा असतो.

सातव्या मजल्यावरच्या गच्चीत आम्ही डिश आग्नेयेकडे वळवली. भोंगा बसवला. ऋजुताने लॅपटॉप पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवला आणि स्पीकर जोडला, कारण आम्ही आलेले सिग्नल आवाजात बदलून ऐकतो. रुग्णवाहिका जवळून गेली की सायरनचा सूर उतरत जातो ना, तसाच तुकड्यावरून आलेला प्रतिध्वनी शिट्टीसारखा येतो आणि उतरत जातो. कान ते पडद्याआधी ओळखतो.

तीन चाळीस झाले. दक्षिणेत ट्रान्समीटर सुरू झाल्याचा निरोप आला. आणि स्पीकरमधून आलं ते जात्यासारखं घर्र. लिफ्ट हलली की आवाज वाढे. समोरच्या इमारतीत पंप चालू झाला, तो वेगळा ऐकू आला. गच्चीखालच्या चार घरांत एलईडीचे दिवे असतील, त्यांची किरकिर. वीस मिनिटं आम्ही दोघी त्या गोंगाटात शिट्टी शोधत राहिलो. वेळ संपल्याचा निरोप आला तेव्हा ऋजुता टाकीला टेकून खाली बसली.

"मॅडम, मी परवा इथे साध्या अँटेनावर टेस्ट केलेली. एवढा नॉइज नव्हता हो."

"परवा किती वाजता?"

"पहाटे पाचला," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्याच लक्षात आलं. पहाटे पाचला डोंबिवली झोपलेली असते.

मला तिच्यावर रागावता येईना. मीही गच्ची बघून "छान आहे" म्हटलंच होतं. संध्याकाळी सायमनकाकांना फोन केला, भोंगा नीट बसला हे कळवायला. बाकीचंही सांगितलं. ते म्हणाले, "शांत जागा पाहिजे ना? माझ्याबरोबर तुकाराम भोईर होता, एकवीस वर्षं शेजारच्या लेथवर. तो गेला. त्याची बायको आहे, हिराबाई. मलंगगडाखाली शेत आहे. मी फोन करतो."

गुरुवार, विठ्ठलवाडी

गच्चीत डिश कठड्याला बांधली होती. शेतात कठडा कुठला? स्टँडसाठी जाड पाइप आणि अँगल हवे होते, म्हणून विठ्ठलवाडीला एका भंगारच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पाइप काढता काढता विचारलं, कशाला? ऋजुताने सांगितलं, वर फिरणारं भंगार शोधायला. त्याने हातातला पाइप खाली ठेवला. "वर भंगार आहे? मग उचलतं कोण?"

"अजून तरी कोणी नाही."

"मग शोधून काय करणार?"

"निदान त्याच्या वाटेतून बाजूला तरी होता येईल."

त्याला ते पटलं. "आमच्या धंद्यात पण पहिलं काम तेच. माल कुठे पडलाय ते माहीत पाहिजे," तो म्हणाला, आणि अँगल कापून, भोकं पाडून, स्वतः टेम्पोत चढवून दिले.

शुक्रवार, मलंगगडाच्या पायथ्याशी

कल्याण मागे पडलं, इमारती विरळ झाल्या आणि मलंगगडाचा तो उभा सुळका एकदम समोर आला. मी नकाशात पाहिला होता, तरी टेम्पोत पुढे वाकून बघतच राहिले. मराठवाड्याच्या सपाट रानात वाढलेल्या माणसाला असा डोंगर बघितला की मान खाली करायचं भान राहत नाही. शिवाय तो आमच्या कामाचा होता. आमची डिश त्याच्या डोक्यावरून आकाशात बघणार होती, आणि दक्षिणेकडून जमिनीलगत येणारा सगळा गोंगाट तो अंगावर घेणार होता.

हिराबाई साठीच्या असतील. भाताचं शेत कापून झालं होतं आणि त्यात वाल उभा होता. "ये गो, बस. सायमनचा फोन आयला व्हता. बोलला, बाई आभाल ऐकाला येतान." मग तोच प्रश्न, "दिवसाचे कला? तारे त रातचे दिसतान."

कला म्हणजे का. माझा "कामून" आणि त्यांचा "कला" यावर आम्ही दोघी खूप हसलो. मी समजावलं की आपण बघणार नाही, ऐकणार आहोत. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग मना बी ऐकव."

सकाळी अकरा वीसची वेळ होती. डिश उभी केली, स्पीकर सुरू केला आणि माझ्या अंगावर शहारा आला. डोंबिवलीची घरघर नव्हती. पावसाळ्यानंतरच्या विहिरीसारखा, स्वच्छ, मंद सळसळाट. ऋजुताने माझा हात धरला. आणि मग, टक्. एका सेकंदाने पुन्हा टक्. पुन्हा टक्. प्रत्येक टक्ला आमचा रिसीव्हर क्षणभर बहिरा व्हायचा आणि सावरेपर्यंत पुढचा टक्.

आम्ही वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, लॅपटॉप लांब नेला. ट्रान्समीटर सुरू झाला, वीस मिनिटं चालला आणि बंद झाला. नोंदीत टकटकीशिवाय काही वाचता येईना. दुसरी वेळही गेली होती.

मी बांधापाशी जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर डोळे भरून आले होते आणि ऋजुताने ते बघू नये असं वाटत होतं. पाठीमागून हिराबाई आल्या. "ह्यो आवाज मना माहीत हाय," त्या म्हणाल्या. "माझे रेडिओन बी येतं. गाणी ऐकाला बसली का टक टक. काशिनाथचे तारेचा हाय."

पलीकडच्या शेताला तारेचं कुंपण होतं. मी ते सकाळपासून बघत होते आणि मला काही सुचलं नव्हतं. झटका मशीन. रानडुकरं काकडीच्या वेलांत शिरू नयेत म्हणून ते दर सेकंदाला तारेत विजेचा झटका सोडतं. इलेक्ट्रॉनिक्स मी शिकवते, आणि निदान केलं ते त्यांनी, आपल्या रेडिओवरून.

"मग त्यांना थोडा वेळ बंद ठेवायला सांगू या ना," मी म्हटलं.

हिराबाई घराकडे वळल्या. घरात जाऊन त्यांनी आमची ताटं वाढली. तांदळाची पांढरी, लुसलुशीत भाकरी, वालाचं बिरडं आणि कांद्यात परतलेला जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी. ज्वारीची भाकरी मोडून खायची सवय माझी, ही भाकरी हातात दुमडतच होती. जेवताना त्यांनी सांगितलं. काशिनाथ त्यांचा चुलतदीर. चार वर्षांपूर्वी बांध सरकवण्यावरून भांडण झालं. तेव्हापासून बोलणं बंद. तुकाराम गेले तेव्हा तो आला, अंगणात उभा राहिला आणि न बोलता परत गेला.

"मी जाऊन विचारते," ऋजुता म्हणाली.

"तुना तो ऐकाचा नाय," हिराबाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच थांबला.

शनिवार, तिथेच

शेवटची वेळ दुपारी चार वाजून पाच मिनिटांची. सायमनकाका सकाळीच आले. आल्या आल्या त्यांनी भोंग्याचे स्क्रू आवळून बघितले, मग हिराबाईंशी बराच वेळ तुकारामांबद्दल बोलत बसले. तीन वाजता मी काशिनाथरावांकडे जायला निघाले तेव्हा हिराबाईंनी पदर खोचला आणि माझ्या पुढे चालू लागल्या. कशामुळे त्यांनी ठरवलं हे मी विचारलं नाही.

काशिनाथराव वेलांना पाणी सोडत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पाइप हातातच राहिला. पाणी एकाच जागी वाहत गेलं.

"वयनी?"

"बाईंचे काम हाय," हिराबाई म्हणाल्या. "तुझी मशीन थोरा वेल बंद कर."

"आन डुकरां आयली त?"

"आयली त मी बांधावर उभी हाय."

"बांधावर?"

"बांधावर."

दोघंही त्या बांधाकडे बघत नव्हती. मी माझ्या चपलांकडे बघत होते. शेवटी काशिनाथरावांनी पाण्याचा कॉक बंद केला, खोपीत गेले आणि मशीनचं बटण दाबून बाहेर आले. मग मला विचारलं, "बाई, काय ऐकाचा हाय? मी येव?"

चार वाजता आम्ही पाच जण त्या स्पीकरभोवती होतो. म्हणजे चार. हिराबाई बोलल्याप्रमाणे बांधावर काठी घेऊन उभ्या होत्या, आणि ऋजुताने आवाज त्यांना ऐकू जाईल इतका मोठा केला होता. लक्ष्य होतं एका जुन्या रॉकेटचा वरचा टप्पा. तो कधी, कुठून जाणार ते गणिताने माहीत होतं. ट्रान्समीटर त्याच्या मागे वळणार होता, आमची डिशही.

चार पाच. सळसळाट. चार सहा. सायमनकाका भोंग्याकडे एकटक बघत होते.

आणि ती आली. आधी इतकी बारीक की मला भास वाटला. मग स्पष्ट, उंच शिट्टी, आणि ती हळूहळू उतरू लागली, कोणी डोंगराच्या पलीकडून शीळ घालत दूर चालत जावं तशी. पडद्यावर तिरकी रेघ उमटत होती, आम्ही आखलेल्या रेघेवर, तंतोतंत. ऋजुता रडत होती आणि आकडे मोठ्याने वाचत होती. सायमनकाकांनी टोपी काढली. "हा आपल्या पाइपातून येतोय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

शिट्टी उतरत असतानाच तिच्यावरून दुसरी एक गेली. जेमतेम सेकंदभर, खूपच फिकी. हिची रेघ वेगळ्या उताराची होती. आमच्या यादीत त्या वेळी दुसरं काही नव्हतं.

"मना दोन आयकू आयल्या," बांधावरून हिराबाई ओरडल्या.

"मला पण," काशिनाथराव म्हणाले. "दुसरी लगेच गेली, वयनी."

"व्हय. लहान व्हती."

वेळ संपल्यावर ऋजुताने जगभरच्या मोठ्या याद्या उघडून तो उतार जुळवायला घेतला. तासाभराने सापडला. एका फुटलेल्या उपग्रहाचा तुकडा, साधारण स्टुलाएवढा, ट्रान्समीटरच्या झोतातून आडवा गेलेला. आम्ही त्याला शोधत नव्हतो, तरी तो आमच्या तीन मीटरच्या जाळीत सापडला होता. मी त्याची नोंद तीनदा वाचली. सहा वर्षं मी हे फक्त कागदावर पाहिलं होतं. काशिनाथरावांनी घरून काकड्या आणल्या, मीठ लावून सगळ्यांनी खाल्ल्या. मशीन पुन्हा चालू करायची आठवण त्यांना हिराबाईंनीच करून दिली.

रविवार, कल्याण

सकाळच्या गाडीचं आरक्षण होतं. नोंदी आम्ही रात्रीच्या जेवणाआधीच पाठवल्या होत्या आणि उत्तर यायला आठवडे लागतील असं मी धरून चालले होते. फलाटावर चहा घेत असताना समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही.

"तो दुसरा तुकडा तुम्हाला कुणी सांगितला होता?"

"कुणी नाही. आला आणि गेला."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "एका डिशवर मी सही करणार नाही. तीन ठेवा, एकमेकींपासून काही किलोमीटरवर. त्यांचं ऐकणं जुळवून तुकड्याची वाट काढून दाखवा. पुढच्या आठवड्यात तीन वेळा देतो. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. माझ्याकडे आणखी दोन डिश नव्हत्या, आणखी दोन शेतं नव्हती, आणि सोमवारी सकाळी माझं लेक्चर होतं.

हिराबाईंना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "माझी बहीण हाय पलीकडचे गावान. आन काशिनाथचे सासुरवाडीची वाडी हाय, तो बोलंल. तू ये त खरी."

गाडी येत असल्याची घोषणा झाली तेव्हा मी बॅग घेऊन पुलाच्या पायऱ्या चढत होते. घरी नवऱ्याला कळवलं, प्राचार्यांना निरोप पाठवला. स्टेशनबाहेर येऊन रिक्षावाल्याला मलंगगडाकडे जायचंय म्हणून सांगितलं.

"दर्शनाला?" त्याने विचारलं.

"नाही, शेतं बघायला."

"घ्यायचीयत?"

"नाही. तिथून आभाळ किती मोकळं आहे ते बघायचंय."

त्याने वळून माझ्याकडे आणि माझ्या बॅगेकडे पाहिलं. "आभाळ मोकळं पाहिजे तर गडाच्या अंगाला नको, नदीच्या बाजूला चला," तो म्हणाला. "मी दाखवतो." आणि मी बसले.